मास्तरच्या हुकमानं

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक होतं, निदान ती तसं म्हणायची. मी कुठल्या कुशीवर झोपतो इथपासून कुणाचा हेवा करतो इथपर्यंत. ही एक गोष्ट मात्र मी तिच्यापासूनही राखली. ती जाऊन तीन वर्षं झाली. आता अमरावतीत एका खोलीत मी एकटा राहतो, चहा माझा मीच करतो, आणि कधी कधी दिवस मावळेपर्यंत माझाच आवाज माझ्या कानावर पडत नाही. अशा माणसानं कुणाजवळ बोलायचं? तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

पण थेट सांगायला गेलो की जीभ अडते. जन्मभर मास्तरकी केली. मुद्द्यावर यायच्या आधी फळा पुसत बसायची खोड आहे. थोडं सांभाळून घ्या — नाही, सांभाळून घेऊ नका. फक्त ऐका.

लढाईच्या दिवसांत मी पूर्णेकाठच्या एका गावात शाळामास्तर होतो. वरच्या अंगाला कापसाचं जिनिंग, चावडी, शाळा. खालच्या अंगाला, अगदी नदीला टेकून, माळीपुरा. तिथली माणसं वांगी, मेथी, झेंडू पिकवायची आणि बाजाराला अकोल्याला न्यायची. मी चाळिशी ओलांडलेला, अमरावतीत शिकलेला, आणि गावात इंग्रजी येणारा एकटाच. त्याचा मला तोरा होता. का नसावा? पाटलाच्या घरी सरकारी लखोटा आला की मला बोलावणं यायचं आणि मी पोचेपर्यंत तो कुणी फोडत नसे.

जपानी विमानं कलकत्त्यावर बाँब टाकून गेल्याच्या बातम्या आल्या तेव्हा आमच्या प्रांतातही तयारी सुरू झाली. जिनिंगच्या गच्चीवर हातानं फिरवायचा एक भोंगा बसवला, आणि तो फिरवायला मला नेमलं. दंडावर बांधायला पट्टी मिळाली, डोक्यावर घालायला लोखंडी टोप. तो टोप घालून मी घरच्या आरशासमोर बराच वेळ उभा होतो. हसलात तरी चालेल. बायको तर हसून हसून खाली बसली होती.

भोंग्याचे दोन सूर. मूठ जोरात, मग हळू, मग परत जोरात फिरवली की तो वर-खाली रडायचा. म्हणजे धोका आहे, आत जा. एकसारखी फिरवली की सूर सरळ लागायचा. म्हणजे धोका टळला, बाहेर या. गावानं लगेच नावं पाडली — रडका भोंगा आणि सरळ भोंगा. नियमांचा कागद इंग्रजीत होता. त्याचं मराठी मी केलं. रडका वाजला की घरात शिरा, दार लावा, दोन्ही हात डोक्यावर घेऊन भिंतीशी खाली बसा, सरळ वाजेपर्यंत बाहेर पडू नका. कागदात एवढंच होतं. पण सरावाच्या वेळी बाया एकमेकींना हाका मारून ओट्यावर गप्पा हाणायला जमायच्या, म्हणून मी एक ओळ पदरची घातली. कुणी कितीही हाका मारल्या, दार बडवलं, तरी सरळ वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही. ती ओळ माझी होती. कुठल्याही साहेबाची नव्हती.

माळीपुऱ्यात सरूबाई म्हणून एक म्हातारी होती. विधवा, एकटी, नदीकडच्या शेवटच्या घरात राहायची, झेंडूचे हार करायची. पहिल्या सरावाला सगळे आत गेले आणि ही आपली दारात कमरेवर हात ठेवून उभी. "मास्तर, जपानवाला माह्या वांग्यायवर काहून बाँब टाकीन?" सगळा माळीपुरा दाराआडून हसला. मी जर थोडा मोठा असतो — मनानं म्हणतो — तर मीही हसलो असतो. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी तिला चावडीवर बोलावलं, सगळ्यांसमोर उभं केलं आणि शाळेतल्या पोरासारखा तिच्याकडून नियम म्हणवून घेतला. ती अडखळली की परत पहिल्यापासून. पाच वेळा. सहाव्यांदा तिला तो बिनचूक आला. माझ्या आईच्या वयाची बाई. त्यानंतर प्रत्येक सरावाला सगळ्यांत आधी दार लागायचं ते सरूबाईचं. लोक तिला चिडवायचे, मास्तरीण म्हणायचे, आणि मला वाटायचं, पाहा, याला म्हणतात शिकवणं.

नऊ महिने सराव झाले. विमान एकही आलं नाही. आली ती नदी.

भाद्रपदातला दिवस होता. चार-पाच दिवसांच्या झडीनंतर उघाड पडली होती, लख्ख ऊन. माळीपुरा सगळा बाहेर — कुणी निंदायला, कुणी ओलं धान्य वाळत घालायला. पाऊस पडत होता तो तिकडे वर, मेळघाटात. अचलपूरकडून येणारा एक मोटारवाला जिनिंगच्या फाटकाशी थांबला आणि म्हणाला, वर नदी असली चढली आहे की बापजन्मी पाहिली नाही, पाणी दुपारपर्यंत इथं येईल. पाटील अकोल्याला गेले होते. गावात हुकूम देणारं म्हणाल तर त्या घटकेला मीच होतो. हाताशी होता उकंडा.

उकंडा आमचा कोतवाल. महारवाड्यातला, बापाच्या पाठी त्याच कामावर आलेला. दवंडी द्यावी तर त्यानंच. त्याचा आवाज नदीपलीकडे जायचा. मोटारवाल्याचं बोलणं ऐकलं तसा तो धावत जाऊन डफडं गळ्यात अडकवून आला आणि मला म्हणाला, "कोनाच्या नावानं देऊ, मास्तर?" दवंडीची रीतच तशी. कोतवाल स्वतःच्या नावानं काही ओरडत नाही. पाटलाच्या हुकमानं, नाहीतर सरकारच्या हुकमानं. बिननावाच्या दवंडीला कोण उभं राहतं? त्याला माझ्याकडून एवढंच हवं होतं, की माझ्या नावानं दे. तीन शब्द.

मी म्हणालो, थांब.

का म्हणालो? याचं उत्तर मी इतकी वर्षं वेगवेगळं देत आलो, स्वतःलाच. घाई होती, गोंधळ होता, भोंग्याचा आवाज दूर जातो. खरं उत्तर लाजिरवाणं आहे. नऊ महिने तो टोप घालून मी खोटा खोटा भोंगा फिरवला होता. मला एकदा खरा फिरवायचा होता.

टोप घातला, गच्चीवर गेलो आणि रडका वाजवला.

गच्चीवरून माळीपुरा तळहातावर असावा तसा दिसायचा. मी पाहिलं. बाया निंदण टाकून पळाल्या — घरांकडे. सुपं, चादरी आत गेल्या. शेतात होते, मोकळ्यावर होते, दोन ढांगांत शेजारच्या टेकडीवर गेले असते, ते सगळे माझ्या डोळ्यांदेखत आपापल्या घरात शिरले आणि दारं लागली. पहिलं दार शेवटच्या घराचं लागलं. किती छान शिकवलं होतं मी त्यांना. गल्ली रिकामी झाली. एक बकरी तेवढी बाहेर राहिली.

तेव्हाच मला कळलं. नंतर नाही, चौकशीत नाही, तिथंच, मुठीवर हात असताना. खाली अंगणातून उकंडा ओरडत होता, "मास्तर, सरळ वाजवा! सरळ वाजवा, लोकं बाहीर येतीन." त्यालाही कळलं होतं. साधी गोष्ट होती. मूठ एकसारखी फिरवायची. पण सरळ भोंगा म्हणजे धोका टळला. धोका समोरून येत असताना तो वाजवायचा नाही, असं कागदात होतं, आणि उद्या कुणी विचारलं तर काय सांगू? — हे माझ्या डोक्यात आलं. पाणी येत होतं आणि मी उद्याच्या जाबाचा विचार करत होतो. माझा हात हलला नाही. हे वाक्य मी मनात हजारदा म्हटलंय, कुणाला सांगतोय पहिल्यांदाच. माझा हात हलला नाही.

उकंडानं दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. डफडं बडवत तो उताराला लागला. आणि त्याची दवंडी मला गच्चीवर ऐकू आली, स्वच्छ. "मास्तरच्या हुकमानं हो! घरं सोडा, टेकडीवर चला, नदी येऊन राह्यली हो! मास्तरच्या हुकमानं!" मी न दिलेला हुकूम त्यानं माझ्या नावावर दिला. नाव लागतं ना दवंडीला.

दारं उघडली. त्याच्या आवाजाला उघडली, की माझ्या नावाला, कोण जाणे. माणसं पोरंबाळं घेऊन निघाली. सगळा माळीपुरा टेकडीवर चढला, चौघं सोडून. एका घरात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला उचलण्यात दोघं अडकले आणि म्हाताऱ्यासकट तिघंही बुडाले. चौथी सरूबाई. उकंडानं तिचं दार बडवलं. ती आतून म्हणाली, "सरळ वाजल्याबिगर उघडाचं नाही, मास्तरनं सांगतलं हाय." त्यानं दाराला खांदा लावला तोवर पाणी त्याच्या छातीशी आलं होतं, त्याला मागं फिरावं लागलं. तीन दिवसांनी चिखल उपसला तेव्हा ती भिंतीशी बसलेलीच सापडली, दोन्ही हात डोक्यावर. मी शिकवलं होतं तशीच.

इथं थांबलो तर तुम्ही मला चुकलेला माणूस म्हणाल. घाबरला बिचारा, म्हणाल. पण अजून मी मुद्द्यावर आलोच नाही.

आठवड्यानं नागपूरहून एक अधिकारी आले. सरकारी भोंगा वाजला होता म्हणून चौकशी. ते मद्रासकडचे, मराठीचा गंध नाही, हिंदी जेमतेम. पण माणूस विचारी होता. पहिल्याच दिवशी पडक्या घरांमधून फिरताना ते मला म्हणाले की आपण सगळी तयारी विमानासाठी केली, आणि विमान येईल न येईल. नदी तर दरवर्षी असते. बचावाची ही सगळी योजना पूर, आग, साथ यांच्यासाठीही मांडायला हवी, आणि तुमच्या गावात काय झालं त्यावरून मला ती मांडायची आहे. म्हणून जे झालं ते नीट सांगा. असं बोलणारा साहेब मी दुसरा पाहिला नाही.

चावडीवर जबान्या झाल्या. साहेबांशेजारी खुर्चीवर मी, कारण इंग्रजी करून सांगणारा मीच. माळीपुऱ्यातले एकेक जण येऊन म्हणाले, मास्तरच्या हुकमानं दवंडी झाली म्हणून आम्ही वाचलो. साहेबांनी विचारलं, मग हुकूम होता तर दवंडी भोंग्याच्या आधी का झाली नाही? एवढा उशीर का?

उकंडाला बोलावलं. तो चावडीच्या पायऱ्यांखाली उभा राहिला. वर येत नसे. हात जोडून म्हणाला, "सायब, मास्तरनं हुकूम देल्ला नोता. म्या त्याईले न इचारता त्याईचं नाव घेतलं. चुकी झाली, माफी असावी."

ऐकलंत? तो त्या गोष्टीची माफी मागत होता.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या चावडीत साठ-सत्तर माणसं होती आणि इंग्रजी येणारे आम्ही दोघंच. मी इंग्रजीत सांगितलं — हा म्हणतो की मास्तरांचा हुकूम होता, तो बजावायला मला उशीर झाला, चुकलो, माफ करा.

साहेबांनी लिहून घेतलं. उकंडा तिकडे मान डोलावत होता. त्याला वाटलं, मी त्याचं म्हणणं नीट पोचवलं.

खोटं बोलायला हिंमत लागते म्हणतात. मला तेवढीही लागली नाही. समोरच्या माणसाला भाषा येत नव्हती, आणि आली असती तरी मास्तरपुढे कोतवालाचं, त्यातून महाराचं, कोण ऐकणार? हे मला पक्कं ठाऊक होतं. मी त्यावरच तर उभा होतो.

उकंडाचं कोतवालपण गेलं. बापापासून चालत आलेलं काम एका दिवसात दुसऱ्याकडे गेलं. माळीपुरा मात्र त्या हिवाळ्यात माझ्या दाराशी टोपल्या ठेवायचा — वांगी, मेथी, संक्रांतीला गाजरं. मास्तरमुळे वाचलो. बायको भाजी निवडता निवडता अभिमानानं शेजारणींना सांगायची. मी जेवायचो. घास अडकायचा वगैरे म्हणणार नाही. भूक लागायची, जेवायचो. पण त्या गावात मला कुणाशी सरळ बोलता येईना. जो तो हात जोडायचा. ज्याच्याशी बोलावं असा एकच माणूस होता आणि तो मला दिसला की मी रस्ता बदलायचो. वर्षभरात बदली मागून घेतली.

साहेबांचा अहवाल वर गेला. तो मोलाचा ठरला, असं मी पुढे ऐकलं. नागपूरला एक सभा झाली, मला बोलावणं आलं. नदीकाठच्या गावांसाठी पुराचा इशारा, उंच जागा आधी ठरवून ठेवणं, नावा, धान्य — लढाईच्या योजनेत पहिल्यांदाच या गोष्टी शिरल्या. चांगलंच झालं ते. पण त्याच अहवालात हेही होतं की भोंग्यानं आपलं काम चोख केलं, माणसानं केलं नाही. सबब इशाऱ्याचं काम गावच्या कोतवालांकडे ठेवू नये, भोंग्यावर सोपवावं. लोक भोंगा ऐकूनच घरात बसले आणि बसल्या जागी बुडाले, हे त्यात नव्हतं. कुठून येणार? ते माझ्याजवळ होतं. सभेत त्या पत्रकाचं मराठी करायला मलाच बसवलं. 'दवंडीवर विसंबू नये.' हे वाक्य माझ्या हातचं आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून गेलं ते.

उकंडा मला एकदाच भेटला, अकोल्याच्या स्टेशनावर. कापसाच्या गाठी चढवत होता. मी तोंड फिरवेपर्यंत त्यानं पाहिलं. जवळ आला, चार हात लांब उभा राहिला, बायकोची खुशाली विचारली. मग म्हणाला, "एक इचारू का मास्तर? तुमाले इंग्रजी येते. माहं काय चुकलं असं सायबानं लिवलं होतं?" आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारत होता. इतकी वर्षं त्यानं तो प्रश्न जपून ठेवला होता, मी भेटेन म्हणून, कारण उत्तर देऊ शकेल असा माणूस त्याच्या ओळखीत एकच होता.

मी म्हणालो, साहेब लोकांच्या लिहिण्याचं काही खरं नसतं.

"हो," तो म्हणाला, "ते बी खरंच हाय." आणि गाठीकडे वळला.

इंग्रज गेले. वऱ्हाड अजून नागपूरलाच जोडलेला आहे, आणि नागपूरला माझं नाव अजून कुणाच्या तरी लक्षात असावं, कारण गेल्या महिन्यात तिथून एक जाड बाड आलं. आता आपलं सरकार सगळ्या देशासाठी एकच बचावाची योजना करतं आहे — लढाई, पूर, भूकंप, सगळ्यांसाठी. जुन्या अहवालांवरून तयार झालेलं पुस्तक, आणि मराठी करायला मी. पुराच्या प्रकरणावर आलो. इशारा: वर-खाली सुरात भोंगा. लोकांनी करायचं काय: घरात जावं, पुढची सूचना होईतो दार उघडू नये. इंग्रजीत होती ती ओळ. माझी पदरची ओळ कुठून कुठून फिरून, साहेबी पोशाख करून परत माझ्यासमोर आली होती.

बाडासोबत एक सुटा कागद होता. भाषांतरकारास स्वानुभवावरून काही दुरुस्ती सुचवायची असल्यास येथे लिहावी.

तो कागद आठ दिवस माझ्यासमोर होता. लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. पुराला वेगळा सूर ठेवा. लोकांना घरात नाही, बाहेर न्या. ओळखीच्या आवाजाचा एक माणूस गल्लीतून पाठवा. पण हे तुम्हाला कसं कळलं, असं कुणीतरी विचारलंच असतं.

परवा बाड परत पाठवलं. भाषांतर चांगलं उतरलं आहे. सुट्या कागदावर मी 'सूचना काही नाहीत' असं लिहिलं आणि खाली सही केली.